लढाईतल्या रुपयाचा टाक

माझ्याजवळ रोमन बादशाहीची एकोणीस नाणी आहेत. अठरा तांब्याची आणि एक चांदीचं. तांब्याची बरीचशी इतकी झिजली आहेत की ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच त्यांवरचा चेहरा दिसतो. चांदीचं मात्र स्पष्ट आहे. उजवीकडे तोंड केलेली एक राणी, वेण्या डोक्यावर गुंडाळलेल्या, भोवती अक्षरं. नाणी पाहायला कुणी आलं की मी राणी कोण, नवरा कोण, नाणं कधीचं, सगळं सांगतो. ते माझ्याजवळ कसं राहिलं, हे मात्र मी आजवर त्यांपैकी कुणाला सांगितलेलं नाही.

हा नाद मला सांगलीला लागला. विश्रामबागेतल्या कॉलेजात आमचे इतिहासाचे प्राध्यापक स्वतःच्या पैशाने जुनी नाणी जमवत. त्यांच्या बंगल्यावर सागवानी कप्प्यांची पेटी होती आणि माझं अक्षर चांगलं म्हणून कप्प्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांनी मला दिलं. "रोमच्या लोकांना आपली मिरी आणि आपलं कापड हवं होतं," ते सांगत, "बदल्यात देण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं, सोनंचांदी. ती इथे आली ती परत गेलीच नाही. आपल्या बायकांनी भोकं पाडून गळ्यात घातली." अशी एक भोकाची मोहोर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली होती. खटावातल्या कोरडवाहू गावातून आलेला मुलगा मी; दोन वेळच्या जेवणासाठी वार लावून राहत होतो. त्या मोहोरेने मला असं काही झालं की मी ते कुणाशी बोललोही नाही.

शिक्षण संपल्यावर मी वडूजच्या शाळेत मास्तर झालो. वडूजला रोमन नाणी कुठून मिळणार? प्राध्यापकांना महिन्याला एक पत्र लिहायचं, त्यांच्या उत्तराची वाट पाहायची, एवढंच हातात होतं.

शाळेत फायनलपर्यंत माझ्या शेजारी बसणारा माझा एक मित्र वडूजच्या पूर्वेला चार मैलांवरच्या वाडीत राहत असे. मेंढरं राखणारं घर. वडील नाहीत, भावंडं नाहीत, एक आई. जर्मनीशी लढाई सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी तो फौजेत भरती झाला. जायच्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला तो रिकाम्या हातांनी. मी म्हटलं, "अरे, शिदोरी कुठाय?"

"कुठली शिदोरी रं गड्या," तो हसला. "म्हातारी तोंड फिरवून बसलीया. मेंढरं कोन राखणार म्हनती. म्हनली, गेलास तर ह्या दारात परत पाय ठेवू नगंस."

"मग?"

"मग काय? चार म्हैन्यात राग जातोय तिचा. तू हाईस न्हवं लिवायला. तिचं काय आसंल ते लिवत जा."

आमच्या घरातली शिळी भाकरी चटणीसकट फडक्यात बांधून त्याला दिली आणि तो गेला.

त्याची पत्रं शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने येत. त्याची आई बाजाराच्या दिवशी मेंढीचं तूप घेऊन वडूजला यायची. बाजार उरकला की शाळेच्या पायरीवर बसायची आणि मधल्या सुट्टीत मी तिला पत्र वाचून दाखवायचो. मग ती सांगायची आणि मी उत्तर लिहायचो. लष्कराच्या त्या पत्राला एकच घडीचा कागद असे. त्यात मावेल तेवढंच जाई. वाचायला लष्करातले लोक मधे बसलेले, म्हणून अक्षरही बारीक करून चालत नसे.

तो आधी आफ्रिकेत होता. तिथून एकदा त्याने लिहिलं, "इथं खंदक खणताना जुने पैसे निघतात. त्यावर राजाचं डोकं आहे. तुला पाहिजे का?"

पाहिजे का! त्या बाजारच्या दिवशी आईने सांगितलं होतं की दोन मेंढ्या व्याल्या, चारा बरा आहे, थंडीत घोंगडं घेत जा. मी ते दोन ओळींत आटपलं आणि उरलेल्या कागदावर नाणी कशी ओळखायची, काय पुसायचं, काय पुसायचं नाही, हे लिहिलं. आई समोर बसून माझ्या लेखणीकडे पाहत होती. म्हणाली, "लय लिवताय की मास्तर. मी येवढं बोलले व्हय?" मी म्हटलं, "मावशी, लिहायला लागलं की वाढतंच." ती खूश झाली. आपलं बोलणं एवढं मोठं होऊन जातंय असं तिला वाटलं असणार.

तिथून पुढे प्रत्येक पत्रात मी तिची जागा खात गेलो. आधी निम्मी, मग त्याहून जास्त.

मग तो इटलीत गेला. रोमन बादशाहीच्या खुद्द मातीत. जखमी होऊन घरी आलेल्या एका जवानाबरोबर त्याने माझ्यासाठी सिगारेटचा पत्र्याचा डबा पाठवला. नांगरटीत नाणी निघतात, शेतकऱ्यांची पोरं बिस्किटांवर देतात, असा निरोप होता. डब्यात अठरा तांब्याची नाणी आणि कापसात गुंडाळलेली ही राणी. आई तेव्हा पायरीवरच होती. मी डबा उघडून नाणी तिला दाखवली. तिने चांदीचं तेवढं उचललं.

"ही बाई कोन?"

"राणी. ही मेली तेव्हा तिच्या नवऱ्याला फार लागलं. त्यानं तिला देवात घातलं आणि तिच्या नावानं नाणं पाडलं. वर्षानुवर्षं पाडत राहिला."

"म्हंजी टाकच की ह्यो," आई म्हणाली.

टाक म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. चांदीच्या पातळ पत्र्यावर देव उठवतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात. घरातलं कुणी लढाईत गेलं तर त्याचाही करतात. घोड्यावर बसलेला वीर. मी कॉलेजात दोन वर्षं ज्या नाण्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांचं मर्म त्या बाईने एका शब्दात सांगितलं. मी ते प्राध्यापकांना कळवलं, पण माझ्या डोक्यातून निघालेला विचार म्हणून कळवलं.

त्यांचं उत्तर आलं. त्यांनी मला पहिल्यांदाच "प्रिय मित्र" असं लिहिलं होतं. राणी मिळाली, आता तिच्या नवऱ्याचं चांदीचं नाणं मिळालं तर जोडी होईल. सांगलीला घेऊन या, चार जाणत्यांना बोलावतो. ते पत्र खिशात घेऊन मी आठवडाभर हिंडलो.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी आई आली ती नेहमीसारखी बसली नाही. उभीच राहिली. तूप विकायचं राहिलं होतं, तरी आधी शाळेत आली होती.

"मास्तर, आज मी सांगते तेवढंच लिवा."

"सांगा."

"लिवा, की आई म्हनती, तवा बोलले त्यो राग हुता. मनात काय न्हवतं. दार उगडंच हाय. भाकरी झाकून ठेवली हाय." मग म्हणाली, "त्यो उपाशी गेला वो."

मी म्हटलं, "तुमचं मन त्याला माहीत आहे, मावशी."

"आसंना का. तुमी लिवा."

मी लिहायला बसलो. वर तिची खुशाली लिहिली. मग राजाचं वर्णन: दाढी कशी, नाक कसं, भोवतीची अक्षरं कोणती, ती त्याला चित्रासारखी काढून दाखवली, कारण ती लिपी त्याला येत नव्हती. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला काय काय असू शकतं ते. खाली बोटभर जागा उरली. तिचं म्हणणं त्यात कोंबायचं म्हणजे काहीतरी खोडावं लागलं असतं. मला वाटलं, हे तर त्याला माहीतच आहे, पुढच्या पत्रात लिहू. कागद दुमडला. आईने तो माझ्या हातून घेतला, कपाळाला लावला आणि टपालाच्या पेटीत टाकायला स्वतः गेली.

पुढच्या बाजारी तिने ते पुन्हा सांगितलं नाही. तिच्या मते ते गेलं होतं. मी विसरलो.

दीड-दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. "तुझा दाढीवाला राजा मिळाला. खिशात शिवून ठेवलाय, येताना आणतो." आणि खाली होतं, "आईचा राग अजून गेला नाही का रं? एवढी पत्रं झाली, ती माझ्यासाठी एक शब्द सांगत नाही."

त्या दिवशी पायरीवर मी आईला पत्र वाचून दाखवलं. ती ओळ गाळली. वाचली असती तर ती म्हणाली असती, "आवं, मी तर सांगितलं हुतं," आणि मग काय? मी ठरवलं की आजच स्वतंत्र पत्र लिहायचं, फक्त तिचे शब्द. पण त्याच दिवसांत सांगलीच्या बैठकीसाठी मी टिपण तयार करत होतो. आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन वर्गाच्या दाराशी आला आणि माझ्याकडे न बघता तार पुढे केली.

लढाई संपायला फार दिवस उरले नव्हते. त्याच्या पत्रावरची तारीख आणि तारेतली तारीख शेजारी ठेवून मी कधी पाहिली नाही. माझं पत्र वेळेत पोचलं असतं की नसतं, ते त्यावरून कळेल. मला ते कळून घ्यायची हिंमत झाली नाही.

तार मीच वाडीवर जाऊन सांगितली. तो प्रसंग मी लिहीत नाही.

महिन्याभराने ती शाळेत आली. हाडं-राख काही आलं नव्हतं, येणार नव्हतं. म्हणाली, "मास्तर, त्याचा टाक करायचाय. त्यानं धाडलेल्या त्या बाईच्या रुपायाचा करा. त्येला त्याचा हात लागलाय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? घरी येऊन राणी हातात घेतली. अठराशे वर्षं ती मातीत सुखरूप राहिली होती, आणि आता वडूजच्या सोनाराच्या ऐरणीवर तिचा पत्रा होणार. सांगलीच्या बैठकीचा दिवस पुढच्याच महिन्यात होता. मी स्वतःला बरंच काही समजावलं: इतिहास, पुरावा, ज्ञान. खरं सांगायचं तर मला ती हवी होती.

मी सोनाराकडे गेलो आणि खिशातला एक रुपया त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाजवून पाहिला.

"मास्तर, ह्यो लढाईतला रुपाया. निम्मी चांदी सरकारनं खाल्लीया. टाक काळा पडंल. जुना राणीछाप न्हाई का घरात?"

"नाही."

"द्यावाचं काम हाय, बगा बरं."

"आहे त्यात करा," मी म्हणालो. माझ्या पेटीत इंग्रजांच्या जुन्या राणीचे, चोख चांदीचे दोन राणीछाप रुपये होते. तेही संग्रहातले.

त्याने रुपया आटवला, ठोकून पत्रा केला, पितळी ठशावर घोडेस्वार उठवला. ज्या राजाच्या लढाईत माझा मित्र गेला त्याच राजाच्या रुपयाचा तो टाक मी फडक्यात बांधून त्याच्या आईला नेऊन दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून छातीशी घेतला. म्हणाली, "आला."

दोन-तीन महिन्यांत टाक काळवंडला. दसऱ्याला देव उजळताना बाकीचे लखलखीत झाले, हा झाला नाही. राखेने, चिंचेने घासला की दोन दिवस बरा दिसे, पुन्हा काळपट. बाजारच्या दिवशी ती तो कनवटीला लावून आणायची आणि मला दाखवायची. "बगा की मास्तर, ह्योच का आसा पडतोय? त्याचं काय ऱ्हायलं आसंल?" मी म्हणायचो, "हवेनं होतं मावशी." तिने देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, पोरगा रागानं गेलाय, मन घरात नाही. तिला ते लगेच पटलं. मेंढरू दिलं, अनवाणी देवाला जाऊन आली. शेवटी संध्याकाळची भाकरी सोडली. तो उपाशी गेला म्हणून.

मला सगळं ठाऊक होतं. मी पायरीवर तिच्या शेजारी बसून मान हलवत होतो.

मग मला सांगलीला कॉलेजात नोकरी मिळाली. ती मिळाली प्राध्यापकांच्या शब्दावर, आणि त्यांचा शब्द पडला त्या राणीमुळे. वाडीवर निरोप घ्यायलाही मी गेलो नाही.

सांगलीत दीड वर्ष बरं गेलं असं मी तेव्हा लोकांना सांगत असे. मग एकदा प्राध्यापकांनी माझी राणी वर्गात दाखवायला मागून घेतली. मी मागच्या बाकावर होतो. ते सांगत होते, "नाणं कधी घासू नका. त्याचा काळेपणा म्हणजे त्याचं वय." त्यांनी राणीशेजारी दुसरं एक नाणं धरलं. "हे शंभर वर्षांनंतरचं. मधल्या काळात लढाया थांबल्याच नाहीत. सैनिकांचे पगार द्यायला चांदी पुरेना, म्हणून आत तांबं आणि वर मुलामा. नवं असताना दोन्ही सारखीच दिसायची. चार बाजार फिरलं की तांबं वर यायचं."

"म्हणजे सर, आपला लढाईतला रुपया!" एक विद्यार्थी म्हणाला आणि सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले आणि माझ्याकडे पाहिलं, मीही हसावं म्हणून.

मी राणी मागून घेतली. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीची दिवाळी होती. सुट्टी लागताच विट्यावरून सर्व्हिस मोटारने वडूजला आलो आणि वाडीची वाट धरली. ठरवलं होतं, सगळं सांगायचं. आधी नाणं, मग पत्र. राणी तिच्या हातात द्यायची आणि तिच्यासमोर टाक करून घ्यायचा.

ती अंगणात लोकर पिंजत बसली होती. फार वाळली होती. "या मास्तर, लय दिसानं," म्हणून उठली आणि पाणी आणायला आत गेली. मी तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो. देवांच्या फळीवर बिरोबाचा टाक होता, शेजारी दुसरे दोन होते. मधे एक जागा रिकामी.

"मावशी, त्याचा टाक?"

"सोडला," ती म्हणाली. "येरळंच्या डोहात. लय घासला वो. नाकडोळं गेलं घासून, पर काळा त्यो काळाच. मग म्हनलं, त्याला हितं ऱ्हायाचं न्हाई तर कशाला डांबून ठेवू? राग उतरंना त्याचा."

मी खाली बसलो आणि सांगितलं. रुपयाचं, सोनाराचं, पेटीतल्या राणीछाप रुपयांचंही. राणी काढून तिच्यापुढे ठेवली. मी बोललो तेवढा वेळ ती लोकरीवर हात ठेवून बसली होती. मला शिव्या हव्या होत्या. तिने विचारलं, "म्हंजी त्यो काळा पडत हुता तांब्यानं?"

"हो."

"रागानं न्हाई?"

"नाही, मावशी. टाकात तांबं होतं."

"बया!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलो नाही. ती हसत होती. पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती. "आन् मी म्हनतेय, पोरगं रागावलंय. तांबं व्हय! मग त्याला माजा निरोप पोचला हुता न्हवं? दार उगडं हाय म्हनून लिवलंतं तुमी?"

पत्राचं सांगायची वेळ हीच होती. तिनेच ती माझ्यापुढे आणून ठेवली होती.

"पोचला," मी म्हणालो.

"मग? काय म्हनला त्यो?"

"लिहिलं होतं त्यानं. आईला सांग, भाकरी झाकून ठेव, मी येतो."

"तवा का न्हाई वाचलंसा?"

"तुम्ही रडाल म्हणून."

तिने मान हलवली. मग राणी उचलून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "मावशी, आता खऱ्या चांदीचा करू. ह्याला त्याचा हात लागलेला आहे."

"नगं. हिलाबी कुनीतरी रडून देवात घातलीया. हिला मोडून माजा कसा हुईल?" ती म्हणाली. "आन् आता टाक कशाला? त्यो रागावला न्हवता."

तिने मला भाकरी खाऊ घातली आणि समोर बसून स्वतःही खाल्ली, उन्हं उतरल्यावर. मी निघालो तेव्हा ती बांधापर्यंत आली. मी बराच पुढे गेल्यावर हाक आली.

"मास्तर, काय लिवलं हुतं म्हनलासा? परत सांगा."

मी वळलो आणि तिथूनच मोठ्याने सांगितलं.

ती पुढे तीन वर्षं होती. रोज एक भाकरी परातीखाली झाकून ठेवायची आणि सकाळी मेंढरांच्या कुत्र्याला घालायची, असं वडूजच्या सोनाराकडून मला कळलं.

राणी माझ्या पेटीत आहे. तिच्या जोडीचा राजा माझ्या मित्राच्या खिशात शिवलेला, इटलीतल्या मातीत आहे. राणीच्या कप्प्यात, चिठ्ठीच्या जागी, त्याचं ते शेवटचं पत्र घडी करून ठेवलं आहे. त्या घरची सगळी पत्रं मी मोठ्याने वाचून दाखवली. ही एक ओळ मी अजून कुणाला वाचून दाखवली नव्हती: आईचा राग अजून गेला नाही का रं?